मोटारींचा फुटबॉल

चेन्नई शहराचा आणि मोटारीचा संबंध जुना आहे. त्या शहराचे नाव मद्रास होते त्या काळात, १९४६ साली, उत्तरेकडील तिरुवोत्तियूर या भागात मुलांचे खेळण्यातले फुगे तयार करणारा एक लहानसा कारखाना निघाला. त्याचीच पुढे मद्रास रबर फॅक्टरी झाली आणि फुग्यांच्या जागी टायर बाहेर पडू लागले. हवा कोंडण्याचा धंदा तेवढा तोच राहिला. एन्नोरला अशोक लेलँडच्या मालमोटारी तयार होऊ लागल्या. १९९८ पासून श्रीपेरुंबुदूरच्या बाजूला ह्युंदाईच्या गाड्या निघू लागल्या. ज्या गावात मोटारी घडतात, त्या गावातील तरुणांचे केवळ मोटारीत बसून कचेरीला जाण्याने समाधान होत नाही. ती किती पळते, हे पाहावे असे त्यांना वाटू लागते.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मद्रासच्या उत्तरेस शोळावरम येथे विमानांसाठी धावपट्टी बांधण्यात आली होती. युद्ध संपले, विमाने निघून गेली आणि पट्टी तशीच उन्हात पडून राहिली. १९५३ साली मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि त्या दशकातच या धावपट्टीवर मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या. मुंबईकरांनी जुहूच्या विमानतळावर अशा शर्यती पाहिल्या होत्या. पण शोळावरमला दरवर्षी जी जत्रा भरे, तिचा थाट निराळाच. माणसे हजारोंनी लोटत. एकीकडे गोंडलच्या महाराजांसारखे श्रीमंत शौकीन आपल्या परदेशी गाड्या घेऊन येत, तर दुसरीकडे एखाद्या गॅरेजात रात्री जागून फियाट किंवा स्टँडर्ड हेरल्डच्या सामानातून जोडलेली, पत्र्याचे अंग उघडे पडलेली गाडी घेऊन कुणी हौशी मेकॅनिक उभा राही. आयातीवर निर्बंध होते. तेव्हा जे मिळेल त्यातून वेग निर्माण करणे ही त्या काळची विद्या होती. पुढे १९९० मध्ये शहराच्या पश्चिमेस इरुंगाट्टुकोट्टई येथे क्लबचा स्वतःचा, सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा वळणावळणांचा मार्ग सुरू झाला आणि शोळावरमची पट्टी पुन्हा ओस पडली.

या परंपरेतून मोठी माणसे निघाली. मद्रासेत जन्मलेला आणि कोइम्बतूरला वाढलेला नारायण कार्तिकेयन २००५ साली जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरला. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. त्याच वर्षी अमेरिकेतील शर्यतीत तो चौथा आला. त्या दिवशी टायरांच्या वादामुळे सहाच गाड्या प्रत्यक्ष धावल्या होत्या, हे खरे. पण सहांत चौथे येण्यासाठीही आधी त्या सहांत असावे लागते. करुण चंढोक २०१० मध्ये त्याच वाटेने गेला. त्याचे आजोबा इंदू चंढोक हे मद्रास क्लबच्या संस्थापकांपैकी एक. मात्र या नावांपुढे बोटे मोडावयास घेतली की ती फार लवकर थांबतात. शर्यतीची मोटार, तिचे टायर, तिचे इंधन, तिच्यामागे राबणारी माणसे यांचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात कधीच आला नाही. कोल्हापूरच्या तरुणांना हे चांगले ठाऊक आहे; तेथील मोहित्यांच्या ट्रॅकवर लहान कार्ट चालवून पुढे मोठ्या शर्यतींत गेलेले चालक गुणाने कुणाला हार जाणारे नव्हते, पण मोटारीला गुणांबरोबर पैसाही लागतो. आणि कधी कधी ती प्राणही मागते. इरुंगाट्टुकोट्टईच्या मार्गावर एकट्या २०२३ या वर्षात जानेवारी महिन्यात एक वयस्क, अनुभवी चालक आणि ऑगस्टमध्ये मोटारसायकल चालवणारा अवघ्या १३ वर्षांचा मुलगा मृत्युमुखी पडला. पुढच्या वर्षी, ३१ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर २०२४ रोजी, चेन्नईच्या भर वस्तीत तीवुत्तिडलच्या मैदानाभोवती ३.५ किलोमीटरच्या रस्त्यांवर रात्रीच्या दिव्यांत शर्यती झाल्या. त्याआधी रस्ते अडवण्यावरून आणि जवळच्या रुग्णालयाला होणाऱ्या त्रासावरून प्रकरण उच्च न्यायालयात गेले होते. लोकांनी शर्यती पाहिल्या, टाळ्या वाजवल्या आणि मग मेट्रोत बसून ते घरी गेले.

त्या गर्दीतल्या एखाद्या विद्यार्थ्याला घरी जाऊन स्वतः मोटार उधळावयाची इच्छा झाली, तर त्याच्यासाठी आता निराळी सोय आहे. अण्णा सालैजवळच्या रिची स्ट्रीटवर, जेथे संगणकाचा कोणताही भाग हातगाडीवरील भाजीइतक्या सहजतेने विकत मिळतो, तेथून आणलेला एक पडदा, एक जुना संगणक आणि दोन्ही हातांत मावेल असा एक कंट्रोलर एवढ्या भांडवलावर तो ‘रॉकेट लीग’ नावाचा खेळ खेळू शकतो. हा खेळ म्हणजे मोटारींचा फुटबॉल. मोटारींनी फुटबॉल खेळावयाचा, ही कल्पना ऐकताच प्रौढ माणसाच्या कपाळाला आठी पडते. पण ती आठी या खेळाच्या जन्माआधी शंभर वर्षांपूर्वीच पडून गेलेली आहे. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात राल्फ हॅन्किन्सन नावाचा फोर्ड मोटारींचा एक विक्रेता होता. आपल्या मॉडेल टी गाड्यांची जाहिरात व्हावी म्हणून त्याने १९१२ साली गाड्यांचा पोलो भरवला. गाडीचे छप्पर, काच सगळे काढून टाकलेले. एकजण गाडी हाकी आणि दुसरा पायटीवर उभा राहून, बाहेर झुकून, हातातल्या लांब दांड्याच्या हातोड्याने चेंडू टोलवी. गाड्या उलटत, माणसे फेकली जात, हाडे मोडत. पुष्कळ देशांत त्याचे प्रयोग झाले आणि १९२० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तो खेळ मावळला. एवढ्या गाड्या मोडून चेंडू खेळणे कुबेरालाही परवडले नसते.

जे लोखंडात परवडले नाही, ते पडद्यावर परवडले. अमेरिकेतील सॅन डिएगो येथील सायऑनिक्स नावाच्या लहानशा संस्थेने २००८ साली या कल्पनेवर एक खेळ काढला. त्याचे नाव ‘सुपरसॉनिक ॲक्रोबॅटिक रॉकेट-पॉवर्ड बॅटल-कार्स’! नाव उच्चारून संपेपर्यंत गिऱ्हाईक दुकानातून बाहेर पडावे, असे हे नाव होते, आणि त्या खेळाला चाहते मिळाले तरी ते मोजकेच. त्या मंडळींनी चिकाटी सोडली नाही. तोच खेळ घासूनपुसून, नाव दोन शब्दांत आवरून, ७ जुलै २०१५ रोजी त्यांनी पुन्हा बाजारात आणला आणि या वेळी तो जगभर पसरला. २०१९ साली एपिक गेम्स या मोठ्या कंपनीने ती संस्था विकत घेतली आणि सप्टेंबर २०२० पासून हा खेळ फुकट झाला. करोनाच्या साथीत घरात अडकून पडलेल्या मुलांना तो अगदी वेळेवर सापडला.

नियम सांगावयास एक मिनिट पुरते. भिंतींनी आणि छताने बंद केलेले एक मैदान. दोन टोकांना दोन गोल. मध्यभागी मोटारीहूनही मोठा असा एक चेंडू. बहुतेक वेळी दोन्ही बाजूंना तीन तीन मोटारी. प्रत्येक मोटारीमागे कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी खोलीत बसलेला एक माणूस. वेळ पाच मिनिटे. पंच नाही, ऑफसाइड नाही, चेंडू रेषेबाहेर जात नाही, कारण रेषाच नाही. मोटार भिंतीवर चढते, छतावर काही काळ पालीसारखी धावते, उडी मारते, हवेत कोलांटी घेते. तिच्या पाठीमागे अग्निबाणाचा जोर आहे, त्याला खेळाडू ‘बूस्ट’ म्हणतात. तो अक्षय्य नसतो. मैदानात ३४ जागी तो ठेवलेला असतो: सहा जागी पूर्ण भांडे भरेल एवढा आणि उरलेल्या २८ जागी घोटभर. एकाने उचलला की मोठा साठा पुन्हा भरावयास दहा सेकंद लागतात. चेंडूच्या मागे धावावे की आधी आपले भांडे भरून घ्यावे, हा प्रश्न पाच मिनिटांत शंभर वेळा पडतो, आणि लोभी माणूस बूस्ट भरून परत येतो तोवर गोल झालेला असतो. अतिशय वेगाने येऊन प्रतिपक्षाच्या मोटारीवर आदळले, तर ती फुटून नाहीशी होते. पण तीन सेकंदांत आपल्या गोलाजवळ नवीकोरी होऊन परत येते. हॅन्किन्सनच्या गाड्यांना ही सोय नव्हती.

या खेळातील खरी गंमत मात्र नियमांत नाही. ती चेंडू हातात येत नाही, यात आहे. हॉकीत चेंडू काठीला चिकटून चालतो, फुटबॉलमध्ये तो पायाखाली दाबून धरता येतो. येथे तो कधीच कुणाच्या ताब्यात राहत नाही. मोटारीचे नाक जरा डावीकडे लागले की चेंडू उजवीकडच्या भिंतीवर. तेथून कोणत्या कोनात परत येईल याचा अंदाज बांधून, तो येण्यापूर्वीच तेथे जाऊन उभे राहावयाचे. नवा खेळाडू चेंडू जेथे आहे तेथे धावतो आणि नेहमी उशिरा पोहोचतो. बऱ्याच दिवसांनी त्याला उमगते, की चेंडू जेथे असणार आहे तेथे जावयाचे असते. लगोरी खेळलेल्या मुलाला हे भान लवकर येते, असे वाटते. भिंतीला आपटून आलेला चेंडू झेलण्याची सवय कोठे तरी अंगात मुरलेली असतेच.

मग येते ते उड्डाण. मोटार उडवावयाची, तिचे नाक आकाशाकडे वळवावयाचे आणि बूस्ट सोडावयाचा. नाक जिकडे, तिकडे गाडी. ऐकावयास हे सोपे आहे. प्रत्यक्षात हवेत गाडी गिरक्या घेते, नाक खाली जाते, आकाश कोठे आणि जमीन कोठे याचा पत्ता राहत नाही, आणि चेंडू शांतपणे बाजूने निघून जातो. असे दिवसच्या दिवस जातात. कित्येक जण शेकडो तास चेंडूच्या आसपास नुसते भिरभिरतात. आणि मग एका संध्याकाळी, का ते कळत नाही, मोटार जमिनीवरून उठते, डाव्या अंगावर किंचित कलते, आणि तिचे टोक चेंडूच्या पोटाला नेमके जागच्या जागी लागते. गोल होवो वा न होवो, त्या स्पर्शाचा आनंद ज्याने घेतला आहे त्यालाच तो ठाऊक. सूरपारंब्या खेळताना पहिल्यांदा हात सुटला आणि दुसरी पारंबी हाती आली, त्या क्षणाशी याचे जवळचे नाते आहे. त्यात विकत घेतलेले काही नसते. या खेळात मोटारीचे रंग, चाके, टोप्या पैसे देऊन मिळतात; पण वेग मिळत नाही. दहा हजार खर्चणाऱ्याची मोटार आणि छदामही न देणाऱ्याची मोटार सारखीच धावतात. शोळावरमच्या धावपट्टीवर हे कधी घडले नव्हते.

तिघांचा संघ असला म्हणजे चेंडूमागे एकाने जावयाचे, दुसऱ्याने त्याच्या पाठीशी राहावयाचे आणि तिसऱ्याने गोलाकडे लक्ष ठेवावयाचे. पहिला चुकला की त्याने मुकाट्याने मागे फिरून तिसऱ्याची जागा घ्यावयाची. आट्यापाट्यांत पाटी सोडून पुढे धावणारा गडी जसा सगळा डाव घालवतो, तसेच येथे. परंतु आट्यापाट्यांतले गडी एकाच आळीतले असतात. येथे एक चेन्नईतील वेळाचेरीचा, दुसरा पुण्याचा आणि तिसरा कोलंबोचा, असे तिघे यंत्राने एकत्र बांधलेले असतात. त्यांची तोंडओळखही नसते आणि पाच मिनिटांनंतर ते पुन्हा भेटण्याचा संभव नसतो. तमिळ मुलाला मराठी येत नाही, मराठी मुलाला तमिळ. खेळ ज्या भाषांत उपलब्ध आहे त्यांत या दोन्ही भाषा नाहीत. तेव्हा बोलणे होते ते तयार वाक्यांनी. एक कळ दाबली की ‘छान फटका’, दुसरी दाबली की ‘माफ करा’, तिसरी दाबली की ‘काय अडवलेस!’ यांतले शेवटचे वाक्य फार बदनाम झाले आहे. सोपा चेंडू सुटून गोल झाला की प्रतिपक्षाचा एखादा खवचट खेळाडू तीच कळ तीनदा दाबतो: काय अडवलेस! काय अडवलेस! काय अडवलेस! स्तुतीचे शब्द शिवीसारखे वापरण्याची कला मराठी माणसाला नवी नाही, पण ती जगातील सर्व भाषांच्या मुलांना एकाच वेळी साधावी, ही या खेळाची करणी. यंत्रही शहाणे आहे; फार बडबड झाली की काही सेकंद ते तोंड बंद करून टाकते. अनोळखी सोबत्यावर विश्वास टाकणे हे या खेळातील उड्डाणाहूनही अवघड काम आहे. पुष्कळांना उड्डाण येते आणि हे येत नाही. असे खेळाडू एकटेच सगळीकडे धावतात, हरतात आणि सोबत्यांना दोष देतात.

तीन गावांतील तीन माणसे एकाच चेंडूमागे धावतात, म्हणजे तो चेंडू आहे तरी कोठे? तो कुणाच्याही खोलीत नसतो. तो दूरच्या एखाद्या सर्व्हरवर असतो आणि प्रत्येकाच्या पडद्यावर दिसते ती त्याची सावली. या खेळातील सगळे गतिशास्त्र एका सेकंदात १२० वेळा नव्याने मांडले जाते. चेन्नईच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल जमिनीवर येतात. त्यांतली एक, २००२ साली सुरू झालेली, चेन्नईहून थेट सिंगापूरला जाते, सुमारे ३,२०० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळ चालू असेल, तर चेन्नईच्या मुलाने कळ दाबल्याची बातमी तेथे जाऊन उत्तर परत यावयास, वाटेत कोठेही खोळंबा झाला नाही तरी, सेकंदाचा तिसावा भाग लागतो. तेवढ्यात मोटारीचे गणित चार वेळा मांडून झालेले असते. ही उणीव झाकण्यासाठी घरचा संगणक पुढचा अंदाज आधीच बांधून पडद्यावर दाखवतो आणि मागाहून खरी बातमी आली की मुकाट्याने दुरुस्ती करतो. अंदाज जुळला तर कुणाला काही कळत नाही. जुळला नाही तर चेंडू हाताशी येऊन अचानक वीतभर सरकतो आणि मुलगा खुर्चीत ओरडतो. प्रकाशापेक्षा जलद जाता येत नाही, हे आइन्स्टाइनचे म्हणणे इतक्या मनापासून दुसऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला पटत नसेल. डिसेंबर २०१६ मध्ये वरदा वादळाने चेन्नई झोडपली, तेव्हा झाडे आणि विजेचे खांब यांच्याबरोबर शहराचे आंतरजालही कित्येक दिवस लंगडत होते. वीज आल्यावरही चेंडू आला नाही, अशी ती अवस्था.

या खेळाला दोष नाहीत असे मुळीच नाही. २०१६ पासून पुढे काही वर्षे त्यात बंद पेट्या मिळत. त्या उघडावयाची किल्ली विकत घ्यावयाची आणि आत काय निघेल ते नशिबावर. रंगीत चाकांसाठी का होईना, ती सोडतच होती, आणि मुलांच्या खेळात सोडतीला जागा असू नये. २०१९ च्या अखेरीस त्या पेट्या बंद झाल्या, हे योग्यच झाले. सरकारनेही या दोन गोष्टींत फरक करावयास घेतला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सना क्रीडा खात्याच्या कक्षेत आणले. २०२५ च्या ऑनलाइन खेळांच्या कायद्याने पैसे लावून खेळावयाचे खेळ निषिद्ध ठरवले आणि कौशल्याच्या स्पर्धा निराळ्या काढल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला राष्ट्रकुलाची जी पहिली ई-स्पोर्ट्स स्पर्धा झाली, तिच्या तीन खेळांत रॉकेट लीग होता. भारताला तेथे कांस्यपदक मिळाले, पण ते दुसऱ्या खेळात, डोटामध्ये. बोटांनी खेळलेल्या खेळाला मर्दानी खेळांच्या पंक्तीला बसवावे काय, असा वाद अजून चालतो. ज्या शहराने विश्वनाथन आनंदला घडवले, त्या शहरात तरी बसून खेळण्याविषयी नाक मुरडणे शोभत नाही. तासन्‌तास खुर्चीत बसून पाठ वाकते, झोप उडते, तोंड कडू होते, हे मात्र खरे; आणि हरल्यावर ‘आता एकच’ म्हणून सुरू केलेला डाव एकच राहत नाही, हेही खरे.

घरोघरी भांडण होते ते आणखी एका नियमावरून. पाच मिनिटे संपली, घड्याळात शून्य दिसले, तरी चेंडू जमिनीला टेकेपर्यंत खेळ संपत नाही. तो हवेत किंवा भिंतीवर असेपर्यंत सगळे काही घडू शकते. बरोबरी झाली तर पुढचा गोल होईपर्यंत डाव चालतो, मग त्याला अर्धे मिनिट लागो की पाव तास. आणि हा डाव मध्येच थांबवता येत नाही. पत्त्यांचा डाव पालथा ठेवून उठता येते, बुद्धिबळाचा पट तसाच सोडता येतो. येथे उठून गेलेल्याला यंत्र काही काळ खेळू देत नाही, आणि त्याचे दोन अनोळखी सोबती तिघांविरुद्ध दोघे उरतात. स्वयंपाकघरातून हाक येते, “साप्पिड वा!” पानावर सांबार वाढलेले असते. एक मिनिट, असे उत्तर जाते. घड्याळात शून्य, गोल दोन-दोन. कोलंबोचा गडी भिंतीवरून परत येतो आहे, पुण्याचा गोलात उभा आहे, आणि चेंडू अजून खाली आलेला नाही.